भाच्याला लुथरन पाळक व्हायचंय. रस्ता कुठून जातो?

जालनेकर_मामा

सलाम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढायलो. विषय मोसंबीच्या भावाचा नाही, नेहमीच्यांनी माफ करावं.

माझी थोरली बहीण नांदेडला असते. दाजी रेल्वेत, मूळचे गुंटूरकडचे. घरात तेलुगू बोलतात, पण पंचवीस वर्षं नांदेडात काढल्यावर आता भांडण मराठीतूनच होतं. भाचा यंदा बी.एस्सी. झाला. आम्हाला वाटलं बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या परीक्षेला बसेल. गेल्या महिन्यात जेवताना भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "मामा, मला पाळक व्हायचंय." मी म्हटलं बरं, आपल्या पाळकसाहेबांना भेटू. तर म्हणे, "तुमच्या चर्चचा नाही. आजोबांच्या चर्चचा. लुथरन."

आता गोची बघा. आमचं घराणं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. भाच्याचा बाप्तिस्मा गुंटूरजवळ आजोबांच्या गावी झाला, पण रविवारची उपासना जन्मभर नांदेडच्या मराठी मंडळीत (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद). मराठवाड्यात लुथरन मंडळी मी तरी पाहिलेली नाही. म्हणून विचारायलो: किती वर्षं लागतात, शिकायचं कुठं, निवड कोण करतं, पोटापाण्याचं काय? बहीण रोज फोनवर रडते. दाजी काहीच बोलत नाहीत, ते जास्त वाईट.

पैठणी_पदर

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा. पाळक म्हणजे फादरच ना? मग लग्न नाही करायचं त्यानं? बहिणीचं रडणं त्यासाठी आहे का?

जालनेकर_मामा

नाही हो ताई. फादर कॅथलिकांचे, ते ब्रह्मचारी. आमच्याकडं पाळक, ते संसारी. ज्याच्यावरून लुथरन हे नाव पडलं तो खुद्द मार्टिन लूथर आधी संन्यासी होता, १५२५ साली कॅटरिना फॉन बोरा नावाच्या मठ सोडून आलेल्या बाईशी त्यानं लग्न केलं. बहिणीचं रडणं पगारासाठी आहे.

छावणीवाला

मामा, एवढं लांब कशाला जायचं? मी संभाजीनगरच्या छावणीतला, आमच्या पास्टरेट कमिटीत बारा वर्षं आहे. आपल्याकडची पद्धत सांगतो. मुलगा मंडळीत दिसला पाहिजे, नुसता नाताळला नाही. संडेस्कूल घेतो का, आजाऱ्याच्या घरी जातो का, हे लोक बघतात. मग कमिटी शिफारस करते, धर्मप्रांताची समिती मुलाखत घेते, बिशपसाहेब सेमिनरीला, म्हणजे पाळकांच्या कॉलेजला पाठवतात. शिकून आला की आधी डीकन, ही खालची पायरी, आणि काही काळ काम पाहून प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. म्हणजे दोनदा दीक्षा. डीकनला प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरसाचा) विधी स्वतः चालवता येत नाही, मदत करता येते.

आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालं तेच मुळी सहा वेगवेगळ्या चर्चांचं मिळून. अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल आले, बाप्टिस्ट आले, मेथडिस्ट आले. आपण जालन्याचे लोक मुळात स्कॉटिश मिशनचे. १८४३ ला बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, ती आपली मुळं. लुथरन त्या एकीत नव्हते, ते त्यांच्या जागी वेगळे. पोराला इथल्या मातीत काम करायचं असेल तर इथंच राहू दे की.

उदगीरचा_उमद्या

मेदकचं ते भलंमोठं चर्च लुथरनांचंच ना? आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. मग लांब कुठं आहे, उदगीरहून जवळच की.

छावणीवाला

नाही. मेदकचं कॅथेड्रल चर्च ऑफ साऊथ इंडियाचं आहे, बांधलं मेथडिस्ट मिशननं. १९२४ च्या नाताळात उघडलं.

लातूरकर_हॅनोव्हर

लुथरनांच्या माहेरातून दोन शब्द. मी आठ वर्षं जर्मनीत आहे, शेजारच्या पाळकबाई चांगल्या ओळखीच्या. (हो, बाई. आणि त्यांचे यजमान शाळामास्तर.)

इथं पाळक व्हायचं म्हणजे सरकारी विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकायचं. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन, तिन्ही भाषांच्या परीक्षा. सहा-एक वर्षं यातच जातात. मग पहिली परीक्षा. मग एखाद्या मंडळीत दोन-अडीच वर्षं शिकाऊ म्हणून राबायचं, आणि या शिकाऊ पाळकाला इथं 'विकार' म्हणतात. पहिल्यांदा बाईंनी "मी तेव्हा विकार होते" असं सांगितलं तेव्हा मला चहाचा घोट आवरला नाही. मग दुसरी परीक्षा, आणि पुढंही काही वर्षं परीक्षाधीन नेमणूक.

पगार उत्तम, कारण सरकार चर्चसाठी कर गोळा करून देतं. सदस्याच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के, राज्याप्रमाणे. पण तरुण मंडळी कर नको म्हणून सदस्यत्वच सोडताहेत. मोठाली देवळं, आत पंधरा म्हाताऱ्या, ऑर्गन मात्र फर्स्टक्लास.

परभणी_ते_मिनेसोटा

आमच्याकडं गल्लोगल्ली लुथरन. इथं आधी एक समिती मुलाची चौकशी करते, मानसतज्ज्ञाकडंही पाठवते. तीन वर्षं वर्गातलं शिक्षण, वर्षभर एखाद्या मंडळीत उमेदवारी, मध्ये काही आठवडे हॉस्पिटलात रुग्णांच्या उशाशी बसायचं प्रशिक्षण. हे सगळं पार पडलं तरी तो पाळक होत नाही. कुठल्या तरी मंडळीनं त्याला बोलावणं पाठवावं लागतं. बोलावण्याचं पत्र हातात आलं की मग दीक्षा. माझ्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा सगळं पास होऊन घरी बसला होता, बोलावणं येईना. शेवटी नॉर्थ डकोटात एका गावी गेला, तिथं माणसांपेक्षा गहू जास्त.

आणि लुथरन म्हणजे एकच दुकान नव्हे बरं का. इथं मिसूरी सिनॉड नावाचं दुसरं मोठं चर्च आहे, ते बायकांना दीक्षा देत नाही. पहिलं देतं, त्याची पूर्वज चर्चं १९७० पासून द्यायला लागली.

शंकासुर

सगळं ठीक, पण पैसा कुठून येतो ते कुणी सांगणार का? आणि हा धागा धर्मप्रचाराचा आहे का?

संपादक

शंकासुर, पैशाचा प्रश्न रास्त आहे, तो राहू द्या. दुसऱ्या प्रश्नासाठी जुना ४०० प्रतिसादांचा धागा आहे, तिकडे भांडा.

गोदातीर_राजमुंद्री

दोन दिवस वाचायलो, आता लिहितोच. मी आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्चचा दीक्षित पाळक. शाळा नांदेडची, वडील तिथं गिरणीत होते, म्हणून मराठी अशी. आता गोदेच्या खालच्या अंगाला आहे. तुमच्याकडं पाणी सोडलं की इकडं पुलावरून दिसतं.

मामा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमानं नाही.

पहिलं, भाचा सदस्य आहे का? बाप्तिस्मा झाला म्हणता. दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर मंडळीपुढं स्वतः विश्वास कबूल करणं, झालं का? आमच्याकडं त्याआधी लूथरची लहान प्रश्नोत्तरी शिकवतात, १५२९ सालची. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. घरातल्या बापानं पोरांना शिकवावी म्हणून लूथरनं ती लिहिली. पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न एकच: "याचा अर्थ काय?" मंडळीच्या वहीत त्याचं नाव नसेल तर पुढं काहीच नाही.

नाव असेल तर मंडळीचं शिफारसपत्र, मग सिनॉड (चर्चचा विभाग), मग चर्चची मुलाखत. निवड झाली तर चर्च उमेदवार म्हणून सेमिनरीत पाठवतं. आपल्या मनानं फी भरून शिकून आलेल्या मुलांची गत वेगळी होते, पदवी असते आणि जागा नसते. म्हणून आधी पत्र, मग प्रवेश. हा क्रम उलटा करू देऊ नका.

शिक्षण बी.डी., म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी, पदवीधराला साधारण चार वर्षं. पदवी श्रीरामपूरची, म्हणजे तुमच्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं सेरामपूर. देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या त्याला संलग्न आहेत. भाच्याला सोयीच्या दोन: चेन्नईत किल्पॉकचं गुरुकुल लुथरन कॉलेज, आणि हैदराबादचं आंध्र ख्रिश्चियन थिऑलॉजिकल कॉलेज. दुसरं १९६४ ला इथंच राजमुंद्रीत सुरू झालं, पुढं हैदराबादला गेलं. लुथरन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, चर्च ऑफ साऊथ इंडिया, सगळ्यांची पोरं एकाच मेसमध्ये जेवतात. सिद्धांतावरची निम्मी भांडणं तिथं सांबारावर मिटतात.

बी.डी.ला ग्रीक आणि हिब्रू आहेत. जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन, प्रवचन कसं करावं ते. प्रवचनाच्या तासाला वर्गापुढं उभं राहून प्रवचन करायचं आणि मग वर्गानं ते फाडायचं. माझं पहिलं प्रवचन अठरा मिनिटांचं होतं. सर म्हणाले, "यात तीन प्रवचनं आहेत, त्यातलं एक चांगलं आहे, कोणतं ते तू शोध." शनिवार-रविवार कुठल्या तरी मंडळीत, हॉस्पिटलात, वस्तीत काम.

परत आलं की जुन्या पाळकाच्या हाताखाली उमेदवारी. उपासना चालवायची, प्रवचन करायचं, प्रभुभोजन मात्र द्यायचं नाही. मग दीक्षा. आमच्यात ती एकदाच, डीकनची वेगळी पायरी नाही. बिशप आणि जमलेले पाळक डोक्यावर हात ठेवतात, वचनं घेतात, गळ्यात स्टोल, म्हणजे पाळकाचा लांब पट्टा, घालतात. बहुतेक लाल, पवित्र आत्म्याचा रंग.

आता खरी गाठ. लूथरनं १५२० मध्ये लिहिलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. मोची असो, लोहार असो. मग पाळक कशाला? तर सगळेच याजक असल्यामुळं कुणी एकानं आपल्या मनानं पुढं होऊन सगळ्यांच्या वतीनं काम करायचं नाही, सगळ्यांनी त्याला पुढं केलं पाहिजे. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीचं, म्हणजे लुथरनांच्या मूळ विश्वासपत्राचं, चौदावं कलम वाचा, इवलंसं आहे: रीतसर बोलावणं असल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीर शिकवू नये, संस्कार देऊ नयेत. म्हणून आमच्याकडं दीक्षा हा संस्कार नाही. संस्कार दोनच. दीक्षा म्हणजे बोलावण्यावरचं शिक्कामोर्तब.

भाच्याला आतून बोलावणं आलंय, मी त्यावर शंका घेत नाही. पण बाहेरचं बोलावणं कोण देणार? नांदेडात लुथरन मंडळी नाही. आमचं चर्च त्याला दीक्षा देईल ती पलनाडूतल्या नाहीतर गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या तेलुगू गावासाठी. तो आजोबांच्या चर्चचा पाळक होईल, पण मराठीत प्रवचन करायची संधी त्याला बहुधा मिळणार नाही. त्याला हे कळलंय का?

शंकासुर, पैसा: माझा पगार चर्च देतं, राहायला घर देतं, तो पगार सांगण्यासारखा नाही. आमचं चर्च अमेरिकन मिशनमधून आलं, हायर नावाचा पाद्री १८४२ ला गुंटूरला उतरला. पण कारभार कधीच इथल्या लोकांकडं आहे. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी आणि हिशेब लागतात. माझ्या मंडळीत दानपेटीत बहुतेक दहाच्या नोटा असतात.

मोडी_आणि_माती

वा! एक पुस्ती. सेरामपूर हे तेव्हा डॅनिश वसाहतीतलं गाव. कॉलेज काढलं १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या इंग्रज बाप्टिस्टांनी. पदव्या द्यायची सनद दिली १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजा सहाव्या फ्रेडरिकनं, म्हणजे लुथरन राजानं. इंग्रज बाप्टिस्टांना डॅनिश लुथरन राजाची सनद, आणि तिच्यावर आजही सगळ्या पंथांची पोरं पदवी घेताहेत. त्याच कॅरीनं १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं होतं, बंगालात बसून. भाच्याला सांगा, प्रमाणपत्रावर ते नाव आलं तर मराठीशी अगदीच नातं तुटलं असं नाही.

आळंदीचा_माळकरी

गोदातीर, तुमचं बोलावण्याचं वाचून हसू आलं, कारण आमचं तेच. मी जोगमहाराजांनी १९१७ ला काढलेल्या आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढली. ज्ञानेश्वरी, गाथा, पखवाज, पाठांतर. बाहेर पडलो तेव्हा वाटलं झालो कीर्तनकार. आमच्या अंबडकडच्या एका म्हाताऱ्या महाराजांनी विचारलं, "सप्त्याचा नारळ कुठल्या गावानं दिला?" कुठल्याच नाही म्हटलं. "मग अजून विद्यार्थीच आहेस." पहिला नारळ यायला सव्वा वर्ष गेलं, तोही दुसऱ्या महाराजांना ताप आला म्हणून.

एक फरक दिसतो. आमचा कीर्तनकार एका रात्रीचा पाहुणा. गावची भांडणं त्याच्या अंगाला लागत नाहीत.

पाळकांच्या_घरातून

लागतात, आमच्या लागतात! माळकरी दादा, फरक बरोबर पकडलात.

मी पाळकाची बायको, लुथरन नाही, पण चूल सगळीकडं सारखीच. मामा, भाच्याला शिक्षणाचं सगळ्यांनी सांगितलं, मी उरलेलं सांगते. रात्री दोनला फोन वाजतो, कुणीतरी दवाखान्यात असतं. पाळक उठून जातात, आणि सकाळी त्याच घरचा माणूस कमिटीत त्यांच्या प्रवासखर्चावर बोट ठेवतो. बदली दर काही वर्षांनी, पोरांच्या शाळेच्या मध्यात. घर चर्चचं, म्हणून छत गळलं की ते "पाहू" या खात्यात. लग्नाला गेलं की पाळकांना पहिल्या पंगतीला, पाळकांच्या बायकोला स्वयंपाकघरात.

एका ठिकाणी (गाव सांगत नाही) चर्चच्या जमिनीवरून दोन गट पडले होते. दोघंही दर रविवारी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावायचे. आमचे हे प्याला देताना घामाघूम व्हायचे. ते कुठल्या ग्रीक व्याकरणात नाही.

तरी विचाराल तर, पोराला अडवू नका. अडवलेली माणसं पुढं कमिटीत येतात आणि जन्मभर पाळकाला प्रवचन कसं करावं ते शिकवतात.

छावणीवाला

😀 हा टोमणा मला लागला.

पैठणी_पदर

भाच्याऐवजी भाची असती तर?

गोदातीर_राजमुंद्री

भारतात जिथं लुथरन चर्चं एकत्र येतात त्या संयुक्त संघातल्या बहुतेक चर्चांत बायकांना दीक्षा मिळते. आमच्यातही. मिसूरी सिनॉडच्या मिशनमधून आलेलं इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च आहे, तिथं नाही. दीक्षा मिळणं आणि चांगली मंडळी मिळणं यातलं अंतर मात्र बायकांना अजून जास्त चालावं लागतं. माझ्या वर्गातल्या दोघी माझ्यापेक्षा चांगलं ग्रीक वाचायच्या. मला मंडळी मिळाली, त्यातल्या एकीला वसतिगृहाचं काम.

उदगीरचा_उमद्या

मधला मार्ग नाही का? इथं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा पाळक व्हायचं आणि मनानं लुथरन राहायचं.

गोदातीर_राजमुंद्री

दीक्षेच्या वेळी वचन द्यावं लागतं, उमद्या. मनात एक आणि तोंडात एक अशी सुरुवात करू नये. उलट रस्ता मात्र असतो. दुसऱ्या चर्चचा दीक्षित पाळक आमच्याकडं येऊ इच्छित असेल तर त्याची तपासणी आणि थोडा अभ्यास करून घेता येतो. मराठीच हवी असेल तर छिंदवाड्याकडं स्वीडिश मिशनमधून आलेलं लुथरन चर्च आहे, मध्य प्रदेशातलं. तिथली उपासना हिंदीत, पण विदर्भाच्या शिवेला लागून. तरी मी आधी त्याला एकच विचारीन: तुला लुथरन व्हायचंय, की आजोबांसारखं व्हायचंय?

जालनेकर_मामा

अपडेट, सहा आठवड्यांनी.

गोदातीर साहेबांचा प्रतिसाद भाच्याला वाचायला दिला. शेवटच्या प्रश्नावर गडी दोन दिवस गप्प. मग म्हणाला, "दोन्ही, पण आधी कोणतं ते गुंटूरला जाऊन बघतो." दाजींनी सुट्टी टाकली, आम्ही तिघं देवगिरीनं सिकंदराबाद, तिथून पुढं.

आजोबांच्या मंडळीचे पाळक साधे गृहस्थ. वहीत नाव सापडलं, बाप्तिस्म्याची तारीख सापडली, दृढीकरणाच्या रकान्यात काहीच नाही. म्हणजे तिथूनच सुरुवात. ते म्हणाले, वर्षभर महिन्यातून एक रविवार इथं यायचं, प्रश्नोत्तरी करायची, मंडळीला तुझी ओळख होऊ दे. मग शिफारशीचं बघू. पोरगं खूश. मग त्यांनी तेलुगू पवित्र शास्त्र पुढं ठेवलं आणि म्हणाले, तेविसावं स्तोत्र वाच.

भाचा तेलुगू फाडफाड बोलतो. वाचता येत नाही. पहिल्याच ओळीत अडकला. बाकावरच्या म्हाताऱ्या पुटपुटत स्तोत्र म्हणायला लागल्या, त्यांना पाठ होतं, आणि हा पान बघत उभा.

छावणीवाले काका, तुमची ऑफर मी त्याला सांगितली. नाही म्हणाला नाही. "वर्षानंतर सांगतो," म्हणाला.

आता नांदेडला स्वयंपाकघरात फ्रीजवर तेलुगू मुळाक्षरांचा तक्ता चिकटवलाय. दाजी ड्यूटीवरून आले की रात्री अर्धा तास शिकवतात. बहीण काल फोनवर म्हणाली, "अरे, सहा महिन्यांत हे पोराशी एवढं बोलले नव्हते, आता 'क' चा पाय चुकला म्हणून ओरडायलेत." रडत नव्हती.

गोदातीर_राजमुंद्री

त्याला म्हणावं 'ळ' नीट म्हण. आमच्याकडंही आहे तो. मराठी पोरांना तेवढा एक फुकट मिळतो.